घरच्या सुतारकामासाठी बँडसॉ : १० इंची नवा घ्यावा की १४ इंची बिडाचा जुना?

नमस्कार मंडळी.

सावंतवाडीजवळच्या आमच्या घराच्या मागील पडवीत मी सुतारकाम करतो. हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय नाही. मात्र पाट, चौरंग, झाकणाच्या पेट्या आणि लहान देव्हारे अशी कामे पावसाळ्यातही चालू असतात आणि ती नीट व्हावीत अशी मनापासून इच्छा असते. माझ्याकडे १० इंची गोल पाते टेबलातून वर येणारा छोटा टेबल सॉ, ड्रिल, हातरंधे आणि पटाश्या आहेत. आता बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत, घ्यायचा आहे आणि त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मुख्य गरज फळी उभी चिरण्याची आहे. फणसाची किंवा सागाची एक-दीड इंच जाड फळी मधोमध चिरली, की पुस्तकाची पाने उघडावीत तशा दोन पातळ फळ्या मिळतात आणि त्या शेजारी शेजारी जोडल्या, की रेषा एकमेकींना सामोऱ्या येतात. पेटीच्या झाकणाला आणि देव्हाऱ्याच्या पाठीला हे फार शोभून दिसते. पण माझ्या टेबल सॉचे पाते जेमतेम ३ इंच वर येते. ८ इंच रुंद फळी दोन्ही कडांनी चिरली तरी मधले २ इंच तसेच राहतात. ते हातकरवतीने कापावे लागतात आणि तिथे हमखास एक उंचवटा राहतो. तो रंध्याने काढताना फळीची जाडी आणखी कमी होते. शिवाय टेबल सॉचे पाते दर कापात सुमारे ३ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, तर बँडसॉचे अर्धा इंच रुंद पाते साधारण १ मिलिमीटरच खाते. चांगल्या जुन्या फणसाच्या बाबतीत हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

वळणदार काम, म्हणजे चौरंगाचे पाय आणि कमानी, हे दुय्यम आहे. त्यासाठी पाव इंची पाते लावून भागेल.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, १० इंची नवा यंत्र-संच. तो हलका आहे, घरच्या साध्या विजेवर चालतो आणि पडवीत सहज मावतो. परंतु मोटर अर्ध्या एचपीची आहे आणि कापाची उंची ४ इंचांच्या वर फारशी जात नाही, त्यामुळे माझे मुख्य कामच त्यावर होणार नाही अशी शंका आहे. दुसरा, कोल्हापूरच्या एका बंद होत असलेल्या कारखान्यातील १४ इंची, बिडाच्या सांगाड्याचा जुना बँडसॉ. त्याची कापाची उंची ६ इंच आहे, मोटर १ एचपीची आणि थ्री फेज आहे. सांगाडा दोन भागांचा असून मध्ये मोठ्या बोल्टने जोडलेला आहे, म्हणजे त्यात जोडठोकळा घालून उंची १२ इंचांपर्यंत नेता येईल असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. तिसरा पर्याय म्हणजे फर्निचरच्या कारखान्यांत दिसतो तसा १८ इंची, लोखंडी पत्र्याचा, ३ एचपी मोटरचा बँडसॉ. त्याच्या ताकदीबद्दल प्रश्न नाही, पण पडवी १२ फूट लांब आणि ९ फूट रुंद आहे आणि घरात थ्री फेज जोडणी नाही, म्हणून तो मी जवळजवळ बाजूला ठेवला आहे.

माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. बिडाचे वजन मला दोष वाटत नाही. यंत्र जितके जड, तितकी थरथर कमी आणि काप सरळ. तरीही पुढील गोष्टींबाबत अनुभवी लोकांचे मत हवे आहे. जोडठोकळा घातल्यावर सांगाडा पात्याचा ताण खरोखर पेलतो का? ८ इंच उंच, वाळलेला साग चिरायला १ एचपी पुरते का, आणि पुरत नसल्यास सिंगल फेजवर किती एचपीपर्यंत जाणे शहाणपणाचे ठरेल? आमच्याकडे संध्याकाळी विजेचा दाब बराच उतरतो, हेही लक्षात घ्यावे. जुने यंत्र पाहायला जाताना नेमके काय तपासावे? आणि शेवटचा, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न : आरागिरणीला वन विभागाचा परवाना लागतो हे ठाऊक आहे, घरगुती बँडसॉच्या बाबतीत कोणती काळजी घ्यावी?

खर्चाची मर्यादा, वाहतूक आणि दुरुस्ती धरून, ७० हजार रुपये आहे.

प्रतिसाद

नमस्कार. पुण्यात माझा लहान फर्निचर कारखाना आहे आणि अशाच बिडाच्या १४ इंची यंत्रावर मी बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा कल योग्य आहे. १० इंची यंत्रावर ८ इंची फळी चिरण्याचा विचार सोडून द्या. बँडसॉचे माप म्हणजे चाकाचा व्यास. चाक लहान असले, की पाते प्रत्येक फेरीत जास्त वाकते आणि जोडापाशी लवकर तुटते. पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असावी असा जुना ठोकताळा आहे. १४ इंची चाकालाही बाजारातले सर्वसाधारण ०.०२५ इंची पाते या हिशोबाने जाडच पडते, मग १० इंचीचे काय बोलावे.

जोडठोकळा घालता येतो, पण तो त्याच सांगाड्यासाठी बनवलेला हवा. लेथवाल्याकडून अंदाजाने करून घेतला, तर वरचे आणि खालचे चाक एका रेषेत राहत नाही आणि पाते सतत बाजूला पळत राहते. ठोकळ्यानंतर पात्याची लांबी साधारण ९३½ इंचांवरून १०५ इंचांवर जाते. पाती जोडून देणारा जवळपास असेल तर ती अडचण नाही, कारण तो गुंडाळीतून हव्या त्या लांबीचे पाते कापून जोडून देतो. मात्र या सांगाड्यावर अर्ध्या इंचापेक्षा रुंद पाते ताणायच्या फंदात पडू नका. पाऊण इंची पाते बसते, पण त्याला लागणारा ताण ती स्प्रिंग आणि तो सांगाडा देऊ शकत नाही, आणि ढिल्या रुंद पात्यापेक्षा ताठ अर्धा इंची पाते कितीतरी सरळ चिरते.

दातांचा हिशोबही महत्त्वाचा आहे. ८ इंच उंच कापासाठी इंचाला ३ दात घ्या, म्हणजे लाकडात एका वेळी २४ दात राहतील. त्याहून बारीक दाताच्या खोबणीत भुसा कोंबला जातो, पाते तापते आणि काप पोट काढतो, म्हणजे मधोमध बाहेर वाकतो. सागात सिलिका असते, त्यामुळे साध्या कार्बन स्टीलच्या पात्याची धार लवकर जाते. नियमित साग चिरणार असाल तर बायमेटल (दोन धातूंचे, कठीण दातांचे) पाते महाग असूनही परवडते.

मोटर : १ एचपीवर ८ इंची साग चिरला जाईल, पण फार सावकाश ढकलावे लागेल. १४४० फेऱ्यांची, दीड एचपीची, कपॅसिटरची सिंगल फेज मोटर बसवा. फेऱ्या तितक्याच राहिल्याने जुनी पुली चालते. चालताना ती ९-१० अँपिअर घेईल, परंतु सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते, म्हणून १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन आणि सी प्रकारचा एमसीबी (सुरू होतानाचा झटका सोसणारा स्वयंचलित स्विच) हवा. दाब उतरलेला असताना मोठे काप टाळा. मोटर जास्त प्रवाह ओढते आणि वाइंडिंग जळते. दुसरा मार्ग म्हणजे जुनीच मोटर व्हीएफडीवर, म्हणजे सिंगल फेजपासून थ्री फेज करून देणाऱ्या उपकरणावर, चालवणे. तिच्या डबीत वाइंडिंगची सहाही टोके बाहेर काढलेली असतील आणि पाटीवर २४०/४१५ असे लिहिलेले असेल, तर ती डेल्टा नावाच्या जोडणीत जोडून सिंगल फेज व्हीएफडीवर चालते. हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पाहणीला जाताना गुण्या आणि टॉर्च न्या. पाते काढायला लावून प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेले, ते बदलता येते. चाक हाताने फिरवून त्याची कड लचकते का ते पाहा. लचकत असेल तर पुढे जाऊ नका. चाकावरचे रबर तडकलेले असले तरी बिचकू नका, ते नवे मिळते. सांगाड्याला भेग किंवा वेल्डिंगची खूण दिसली, तर किंमत कितीही कमी असो, ते यंत्र घेऊ नका. शेवटी पाते चढवून, ताणून, मार्गदर्शक दांडा (पात्याला आधार देणारी बेअरिंग धरणारा, वर-खाली होणारा दांडा) वर आणि खाली करा. दोन्ही ठिकाणी बेअरिंग आणि पाते यांतील फट सारखीच राहिली पाहिजे. ही तपासणी बहुतेक लोक करत नाहीत आणि नंतर प्रत्येक वेगळ्या उंचीच्या फळीला पुन्हा जुळवणी करत बसतात.

परवान्याबाबत : यंत्र आणण्यापूर्वी परिक्षेत्र वन कार्यालयात मोटरची ताकद, चाकाचा व्यास आणि वापर लिहून अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. गोल ओंडके चिरू नका, वखारीतून आणलेल्या लाकडाच्या पावत्या जपून ठेवा. साग आणि फणस ही दोन्ही झाडे राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे स्वतःच्या आवारातले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. मार्गदर्शक दांड्याची तपासणी मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती. वन कार्यालयाला अर्ज आधी देतो आणि उत्तर आल्यावरच कोल्हापूरला जातो. एक शंका उरते : आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते, की टेबल सॉच्या बिडाच्या टेबलावर रात्रीत तांबूस डाग पडतात. मी मेण घासतो, पण बँडसॉच्या चाकांना आणि ताणलेल्या पात्याला मेण कसे लावणार? काम संपल्यावर ताण उतरवून पाते काढून ठेवावे, की पुसट तेल लावून जागेवरच राहू द्यावे, आणि ते तेल नंतर फणसाच्या पिवळ्या लाकडावर डाग पाडते का, हे किनारपट्टीवर काम करणाऱ्या कोणी सांगितले तर बरे होईल.