खेळातल्या प्राण्यांच्या स्टॅट्सना जीवशास्त्राचा आधार कितपत असतो?

सह्यवाट

मागच्या महिन्यात आम्ही राधानगरी अभयारण्यात, दाजीपूरच्या बाजूला गेलो होतो, तेव्हा सकाळच्या धुक्यात सड्याच्या कडेला एक नर गवा उभा दिसला. जीप थांबली, इंजिन बंद झाले आणि माझ्या ११ वर्षांच्या भाच्याने कानाशी येऊन विचारले, ‘मावशी, याचा अटॅक किती असेल? आणि डिफेन्स?’ तो पोकेमॉन हा काल्पनिक प्राण्यांच्या लढतींचा व्हिडिओ गेम खेळतो, त्यामुळे कोणताही प्राणी पाहिला की एचपी (किती मार सोसता येतो ते), अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स (आग, वीज अशा माऱ्यांचे हल्ला आणि बचाव) आणि स्पीड असे सहा आकडे त्याच्या डोक्यात उभे राहतात.

कोल्हापूरला परतल्यावर आम्ही दोघांनी घरच्या घरी पत्त्यांचा एक खेळ करायला घेतला आहे. त्यात सह्याद्रीतले २४ प्राणी आहेत आणि प्रत्येक पत्त्यावर हेच सहा आकडे आहेत. पहिले १० पत्ते झाल्यावर अडचण कळली. शेकरूचा स्पीड ९० आणि अटॅकही ९० का, असे विचारल्यावर भाच्याकडे ‘मला ते आवडते’ याहून वेगळे उत्तर नव्हते, आणि गव्याला सगळेच आकडे मोठे देताना माझ्याकडेही नव्हते.

मूळ खेळात कासवासारख्या शकलचा डिफेन्स २३० आणि स्पीड अवघा ५ आहे. माकडासारख्या स्लेकिंगचा अटॅक १६० आहे, पण तो एका आड एक पाळीला नुसता बसून राहतो. अशा आकड्यांमागे प्राणिशास्त्रातले खरे कारण दाखवता येते का, आणि येत असेल तर तेच कारण आमच्या पत्त्यांना कसे लावावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कीटकवही

ताई, मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो आणि वर्गात असे प्रश्न विचारले जावेत अशी माझी फार इच्छा असते. माझ्या मते, कोणताही आकडा किती मोठा आहे हे पाहण्याआधी तो कशाच्या मोबदल्यात मिळाला हे विचारावे. शरीराला मिळणारे अन्न मर्यादित असते. त्यातले जे कवचाकडे गेले ते पंखांकडे जात नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण तुमच्या घरापासून फार लांब नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला एखाद्या म्हशीच्या गोठ्यामागे शेणाचा पो काडीने हळूच उलटून पाहा. खालच्या ओल्या मातीत बोट जाईल न जाईल अशी भोके दिसतील आणि नशीब असेल तर एखाद्या भोकाच्या तोंडाशी काळसर, चकचकीत, डोक्यावर शिंग असलेला नर शेणकिडा दिसेल. तो आत असलेल्या मादीच्या वाटेवर पहारा देत असतो आणि दुसरा नर आला की शिंगाने त्याला रेटून बाहेर काढतो. म्हणजे शिंग हा त्याचा अटॅक झाला. आता हे शिंग फुकट मिळते का? डग्लस एम्लेन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञांनी ऑन्थोफॅगस वंशातल्या शेणकिड्यांवर केलेले काम २००१ साली प्रसिद्ध झाले. ज्या जातींत शिंग डोक्याच्या पुढच्या भागावर उगवते तिथे मोठ्या शिंगाबरोबर मिशा लहान राहतात, डोक्याच्या मागच्या भागावर उगवते तिथे डोळे लहान राहतात आणि छातीवर उगवते तिथे पंख लहान राहतात, असे त्यात दिसून आले. कोषात असताना शेजारशेजारचे अवयव एकाच साठ्यातून वाढतात, म्हणून एकाची वाढ दुसऱ्याच्या ताटातून जाते. खेळ बनवणाऱ्याने आकडे वाटावेत तसे हे वाटप आहे, फरक इतकाच की इथे ते खरोखर घडते. याच वंशातल्या एका जातीचा नर स्वतःच्या वजनाच्या ११४१ पट भार ओढू शकतो, हे २०१० साली मोजले गेले.

पोकेमॉनमध्येही असे प्रामाणिक वाटप एका ठिकाणी फार सुंदर उतरले आहे, ते म्हणजे निनकाडा आणि निंजास्क. निनकाडा मातीत राहतो. त्याचा डिफेन्स ९० आणि स्पीड ४० आहे. त्याचा निंजास्क झाला की डिफेन्स निम्मा होऊन ४५ वर येतो आणि स्पीड चौपट होऊन १६० वर जातो. हा सरळसरळ सिकाडा आहे. सिकाड्याचे पिल्लू जमिनीखाली मुळांतला पातळ रस शोषत कित्येक वर्षे काढते. त्या रसात पोषण इतके कमी असते की वाढ अगदी संथ होते. त्याचे पुढचे पाय माती उकरण्यासाठी जाड आणि काटेरी असतात. मग एका रात्री ते खोडावर चढते, पाठीवरून उभे फाटते आणि आतून पंखवाला प्रौढ कीटक बाहेर येतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या घाटांत ज्यांच्या आवाजाने कान बसतात ते हेच. खोडाला पायांनी घट्ट धरून राहिलेली त्यांची रिकामी कात मी कितीतरी वेळा विद्यार्थ्यांच्या तळहातावर ठेवली आहे. तिच्यावर डोळ्यांच्या काचासुद्धा दिसतात, पाठीवर चीर असते आणि वजन जवळजवळ नसतेच. खेळात या कातीचाही एक प्राणी केला आहे, शेडिंजा नावाचा, आणि त्याचा एचपी फक्त १ आहे. ज्याने हा आकडा ठरवला त्याने ती कात हातात घेतली असावी, असे मला मनापासून वाटते. या खेळाचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करत असत, हे प्रसिद्धच आहे.

एक दुरुस्ती मात्र मुलाला जरूर सांगावी. खेळात या बदलाला उत्क्रांती म्हणतात. जीवशास्त्रात एकाच जिवाच्या आयुष्यातला असा बदल म्हणजे रूपांतरण. उत्क्रांती पिढ्यान्‌पिढ्या, संपूर्ण समूहात होते.

आता शकलकडे येऊ. कासवाची ढाल पाठीवर ठेवलेली वेगळी वस्तू नसते, ती त्याच्या रुंद झालेल्या फासळ्या आणि पाठीचा कणा यांचीच बनलेली असते. आपण श्वास घेताना फासळ्या हलवतो. कासवाच्या फासळ्या जखडलेल्या असल्यामुळे त्याला पोटाच्या स्नायूंनी श्वास घ्यावा लागतो. धड वाकत नाही, त्यामुळे पाऊल लांब पडत नाही. उलट चयापचय मंद असल्याने थोड्या अन्नावर ते दीर्घकाळ तग धरते. त्यामुळे डिफेन्स २३०, स्पीड ५, अटॅक १० हे वाटप मला पटते.

तांबडी_माती

सरांचे उत्तर मी दोनदा वाचले. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणारे बरेचसे रुग्ण तालमीतले असतात, म्हणून स्लेकिंगबद्दल लिहितो.

स्नायू मुंगीचा असो वा हत्तीचा, त्याच्या आडव्या छेदाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमागे निघणारा जोर साधारण २० ते ३० न्यूटन इतकाच असतो. जोर वाढवायचा तर स्नायू जाड करावा लागतो, दुसरा मार्ग नाही. पण तंतू दोन प्रकारचे असतात. जलद तंतू झटक्यात आकुंचन पावतात आणि लवकर थकतात. संथ तंतूंचा झटका कमी असतो, पण ते तासन्‌तास काम करतात. पूर्ण ताकदीच्या झटक्याला लागणारे फॉस्फोक्रिएटिन सुमारे १० सेकंदांत संपत येते आणि ते पुन्हा भरायला काही मिनिटे जातात.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात निकाली कुस्ती पाहिली असेल तर हे डोळ्यांनी दिसते. सलामी झडल्याबरोबर जो मल्ल सगळा जोर लावून पट काढतो, त्याचा डाव साधला तर कुस्ती तिथेच संपते. साधला नाही तर पुढची दोन-तीन मिनिटे त्याचे खांदे उतरलेले असतात, तोंड उघडे असते आणि तो समोरच्याच्या मानेवर हात टाकून नुसता भार देत राहतो. वस्ताद बाहेरून ‘दम धर, दम धर’ असे ओरडत असतात, ते याच मिनिटांसाठी. स्लेकिंगच्या सहा आकड्यांची बेरीज ६७० होते, म्हणजे खेळातल्या अत्यंत बलवान म्यूटूच्या ६८० ला जवळजवळ भिडते, आणि त्याची किंमत तो एका आड एक पाळी सोडून देऊन फेडतो. ते आळसाचे लक्षण मानण्यापेक्षा भरपाईचा वेळ मानावा, असे मला वाटते. मगरीचेही असेच असते. दीर्घ झटापटीनंतर मोठी मगर इतकी थकते की सावरायला तिला कित्येक तास लागतात.

ताई, तुमच्या सहा आकड्यांत दमाचा आकडा नाही, ही मला मोठी उणीव वाटते. चित्ता ताशी १०० किलोमीटरच्या आसपास धावतो, पण काही शे मीटरच. रानकुत्र्यांचा कळप त्याच्याइतका वेगवान नसतो, तरी पाठलाग सोडत नाही. दम वेगळा मांडल्याशिवाय हे दोन प्राणी पत्त्यावर वेगळे दिसणार नाहीत.

सहावा_डाव

वरील दोन्ही उत्तरांचा आदर ठेवून एक मर्यादा सांगतो. मी हा खेळ लहानपणापासून खेळत आलो आहे, आणि प्रत्येक आकड्यामागे जीवशास्त्र शोधायला गेलो की हात रिकामे राहतात, असा माझा अनुभव आहे. बरेच आकडे लढतीचा तोल राखण्यासाठी ठरलेले असतात. वेलॉर्ड हा देवमासा १४.५ मीटर लांब आणि ३९८ किलो वजनाचा दाखवला आहे. त्याची जाडी ६ मीटर धरली तर घनफळ सुमारे २७० घनमीटर येते, म्हणजे एका घनमीटरला दीड किलोच्या आसपास. हवेचे वजन घनमीटरला सव्वा किलोच्या जवळपास असते. असा प्राणी पाण्यात बुडणारच नाही. तिथे कारणे शोधू नयेत.

दुसरे असे की, ‘स्पीड’ या शब्दाचा अर्थ आधी नीट लावून घ्यावा. या खेळात कोणी किती अंतर धावत नाही. स्पीडवरून फक्त आधी चाल कोणाची हे ठरते. म्हणजे तो प्रतिक्रियेचा वेग आहे, पायांचा वेग नाही. माणसाला सेकंदाला सुमारे ६० वेळा लुकलुकणारा दिवा सलग वाटू लागतो. माशीला सुमारे २५० पर्यंत तो लुकलुकतानाच दिसतो. म्हणून आपला हात तिला सावकाश येताना दिसतो आणि ती निसटते. या अर्थाने माशीचा स्पीड चित्त्याहून जास्त ठेवावा लागेल. ताई, तुमच्या खेळात स्पीड म्हणजे नेमके काय, हे भाच्याबरोबर बसून ठरवा; त्यावर अर्धे पत्ते बदलतील.

आकार वाढवतानाही सांभाळावे. लांबी दुप्पट केली तर स्नायूचा छेद चौपट होतो, पण वजन आठपट होते. ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ सालीच मांडली होती. शेणकिडा गव्याएवढा केला तर ११४१ पट ओढणे दूरच, त्याला स्वतःचे पाय उचलणे कठीण जाईल.

सह्यवाट

तिघांचेही मनापासून आभार. ‘दम’ हा सातवा आकडा आम्ही घेतला आहे, आणि स्पीड म्हणजे प्रतिक्रिया हेही ठरले. एक शंका उरली आहे. मुंगूस आणि नाग यांच्या पत्त्यांत मुंगसाचा स्पेशल डिफेन्स मोठा ठेवावा का? त्याला कवच तर नाही.

कीटकवही

नागाच्या विषातले एक विषद्रव्य स्नायूंवरच्या ग्राहकाला (संदेश स्वीकारणाऱ्या रेणूला) चिकटते, मज्जातंतूचा संदेश तिथे अडतो आणि श्वासाचे स्नायू बंद पडतात. मुंगसाच्या त्या ग्राहकाची रचनाच थोडी बदललेली असते, त्यामुळे विषद्रव्य तिथे बसत नाही. कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली लागत नाही तसे. पण हा बदल त्या प्रकारच्या विषद्रव्यापुरता आहे. विजेचा धक्का किंवा आग यांच्यासमोर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून स्पेशल डिफेन्सचा आकडा साधाच ठेवा आणि पत्त्याच्या तळाला ‘नागाचे विष लागत नाही’ अशी ओळ लिहा. पोकेमॉनमध्ये मुंगसासारख्या झँगूसला त्यांनी नेमके हेच दिले आहे: स्पेशल डिफेन्स ६० आणि वर विषबाधा न होण्याचे वेगळे वैशिष्ट्य. शिवाय मुंगसाची खरी भिस्त चपळाईवर असते, तेव्हा स्पीडमध्ये हात आखडता घेऊ नका.

सह्यवाट

काल रात्री गव्याचा पत्ता पुन्हा लिहिला. त्याच्या पाठीवरचा उंचवटा म्हणजे मणक्यांची वर वाढलेली हाडे असतात आणि जड डोके पेलणारे स्नायू त्यांना बांधलेले असतात, हे भाच्याने शोधून काढले, म्हणून अटॅक ९५ राहिला. एचपी ९० ठेवला, स्पीड ३५ वर आणला.

मग तो म्हणाला, की आपण पाहिलेला गवा तर आपल्याकडे तोंड करून उभाच नव्हता. खरे होते ते. तो आडवा उभा होता, मान थोडी खाली घालून, संपूर्ण कूस आमच्याकडे करून, आणि पांढऱ्या मोज्यांसारखे पाय जागचे हललेही नव्हते. नर गवे एकमेकांसमोरही असेच आडवे उभे राहून अंगाचा आकार दाखवतात आणि बहुतेक वेळा दोघांतला लहान नर न लढताच बाजूला होतो. त्यामुळे त्याच्या पत्त्यावर आता पहिली चाल ‘अंग दाखवणे’ अशी आहे. समोरच्या पत्त्याचा एचपी गव्यापेक्षा कमी असेल तर त्याने ती पाळी सोडून मागे सरायचे, कोणालाही इजा होत नाही. काल आम्ही सात डाव खेळलो. त्यांतल्या चार डावांत गव्याला शिंग उगारावेच लागले नाही. बिबट्याच्या पत्त्याला हा नियम लावावा की नाही, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.