तेरणाकाठच्या गावाचा घरनिहाय पूर-भूकंप धोका काढायचाय, सॉफ्टवेअर आणि डेटाबद्दल मदत हवी

नमस्कार मंडळी,

आमचं गाव औसा तालुक्यात, तेरणेच्या काठी. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर ग्रामपंचायतीने ठरवलं की घरनिहाय धोक्याचा नकाशा करायचा. पाणी कोणाच्या दारात आधी येतं आणि हादरा बसला तर कोणाची भिंत आधी जाईल, हे आधीच माहीत असायला हवं.

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मला बऱ्यापैकी येतं. त्यात इनासेफ हे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) टाकून पाहिलं. पुराचा थर आणि घरांचा थर दिला की किती घरं, किती माणसं बाधित होतील ते सांगतं. पण पाणी कुठवर चढेल हे ते काढत नाही, तो थर आपणच द्यायचा. म्हणून नदीचं पाणी कुठवर पसरेल ते काढणारं हेक-रास घेतलं. अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाचं आहे, फुकट आहे, चांगलंही आहे.

अडलंय उंचीच्या डेटावर. एसआरटीएम हा अंतराळातून मोजलेला उंचीचा डेटा म्हणजे ३० मीटरचा एकेक चौकोन, आणि उंचीतली चूक काही मीटरची असू शकते. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा कार्टोडेम हा मोफत उंचीचा डेटाही साधारण तेवढाच. आमच्याकडे नदीकाठ सपाट, काळं रान. दोन-तीन फुटांच्या फरकाने एक गल्ली बुडते, शेजारची कोरडी राहते. शेताचे बांध, रस्त्याचा भराव, बुजलेली मोरी यातलं काहीच त्या डेटात दिसत नाही, आणि पाणी तर त्यांच्यामुळेच वळतं.

स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली. त्यातला उंचीचा डेटा कोणा ग्रामपंचायतीला मिळालाय का? अर्ज कुठे केला? की सरळ डीजीपीएसने (जागा आणि उंची अचूक मोजणाऱ्या उपकरणाने) गावठाण आणि नदीचे छेद मोजून घ्यावेत? भिंतींवरच्या पुराच्या खुणा आम्ही मोजून ठेवतोय, मॉडेल ताडून पाहायला.

भूकंपासाठी ओपनक्वेक हे नुकसानीचा अंदाज काढणारं सॉफ्टवेअर बघतोय. त्याला प्रत्येक घरप्रकाराचे फ्रॅजिलिटी कर्व्ह (किती हादऱ्याला किती नुकसान होण्याची शक्यता ते दाखवणारे आलेख) लागतात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी परिसरात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या (मातीच्या जड सपाट छताच्या) ओझ्याखाली. तशी घरं अजून आहेत. शिवाय पुनर्वसनाच्या घरांना लोकांनी मागून जोडलेल्या खोल्या आहेत, त्या कोणत्या प्रकारात धरायच्या? माळवदासाठी भारतातले कर्व्ह कोणी वापरले असतील तर कृपया सांगा.

हॅझस हे धोका काढायचं सॉफ्टवेअर सुचवू नका, ते अमेरिकेतल्या घरांवर बेतलेलं आहे. मराठवाड्यात कोणी असं काम केलं असेल तर त्यांचा अनुभव आधी ऐकायचाय. पावसाळ्याआधी निदान पुराचा भाग तरी पूर्ण करायचाय.