‘नाताळ’, ‘ख्रिसमस’, ‘ख्रिस्तजयंती’: नेमका अर्थ काय?

शाईवाला: एका मजकुराचं मुद्रितशोधन करतोय. त्यात ‘ख्रिस्तजयंती’ असा शब्द आलाय. व्याकरणात चूक नाही, तरी खटकतो. नाताळ, ख्रिसमस, ख्रिस्तजन्म, प्रभुजन्म हे सगळे एकाच अर्थाचे धरायचे का? आणि आजचा ख्रिस्ती माणूस हा सण म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं?

मूळधातू: व्युत्पत्ती सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील. ‘नाताळ’ पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. त्याच्या मागे जन्माशी संबंधित लॅटिन ‘नातालिस’ आहे. ‘ख्रिसमस’ जुन्या इंग्रजीतला, ‘ख्रिस्ताची मिस्सा’ या अर्थाचा. म्हणजे एका शब्दात जन्म आहे, तर दुसऱ्यात त्या जन्मासाठी एकत्र येऊन केलेली उपासना.

रविवारची घंटा: मी ख्रिस्ती आहे, म्हणून ‘जयंती’बद्दल लिहिते. जयंती आपण होऊन गेलेल्या माणसाची करतो. शंभरावी, दीडशेवी असं मोजतो. येशू आमच्या लेखी होऊन गेलेला नाही. तो उठला आणि जिवंत आहे, यावरच तर सगळा विश्वास उभा आहे. त्यामुळे नाताळला कुणी ‘येशूची अमुकावी जयंती’ म्हणत नाही. खटकण्याचं कारण बहुधा हेच.

शाईवाला: पण वाढदिवस तर आहेच ना? २५ डिसेंबर?

मूळधातू: बायबलमध्ये तारीखच नाही. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान यांच्यात जन्माची कथाही नाही, ती मत्तय आणि लूक यांच्याकडे आहे. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद इ. स. ३५४ च्या एका रोमन पंचांगवजा संग्रहात सापडते. ही तारीख का, यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये प्रतिष्ठा दिलेल्या सूर्यपूजेच्या सणाची जागा घेतली. दुसरं, येशूची आई मरिया हिला गर्भधारणेचा देवदूताचा निरोप मिळाल्याचा दिवस २५ मार्च धरून पुढे नऊ महिने मोजले. मला दुसरं अधिक पटतं, पण वाद मिटलेला नाही. जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो, आर्मेनियन मंडळी ६ जानेवारीला साजरा करते. एवढं असूनही कुणाचं काही अडत नाही.

पानगळ: मग सरळ ‘अवतार’ म्हणा. मराठी वाचकाला एका शब्दात कळेल.

रविवारची घंटा: कळेल, पण वेगळंच काहीतरी. अवतार म्हटलं की ‘संभवामि युगे युगे’ आठवतं, म्हणजे पुन्हापुन्हा येणं. ख्रिस्ती श्रद्धेत हे येणं एकदाच घडलं. शिवाय देवाने माणसाचं रूप नुसतं पांघरलं असं आम्ही मानत नाही. त्याला भूक लागली, तो थकला, रडला, मेला. इ. स. ४५१ मध्ये खाल्केदोन इथल्या धर्मपरिषदेने हेच सूत्रात मांडलं: पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. आमचा शब्द ‘देहधारण’. योहानाच्या पहिल्या अध्यायात ‘शब्द देही झाला’ असं आहे; ‘शब्द’ म्हणजे येशू. त्यापुढच्या ‘वस्ती केली’साठी मूळ ग्रीक क्रियापद तंबू ठोकण्याचं आहे! यहुदी वाचकाला लगेच वाळवंटातला निवासमंडप आठवला असणार, जिथे देव लोकांच्या मधोमध राहायचा.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात आणखी टोकाचं आहे: ‘स्वतःला रिक्त केले.’ सर्वसमर्थ देव स्वतःच्या पायांवर उभंही राहता न येणारं बाळ होतो. माझ्या मते नाताळचा खरा अर्थ इथे आहे. गोंडस बाळाच्या चित्रामुळे त्यातला धक्काच हरवतो.

पानगळ: हे पटलं. ‘अवतार’ मागे घेतो.

उलटतपासणी: धक्क्यावरून आठवलं. ‘धर्मशाळेच्या मालकाने दार लावलं’ हा प्रसंग नाताळच्या प्रत्येक नाटुकल्यात असतो, पण लूकच्या मजकुरात असा मालकच नाही. मराठी बायबलमध्ये ‘उतारशाळा’ आहे. तिथला ग्रीक शब्द ‘काताल्युमा’. तोच शब्द लूक पुढे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरतो. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात खरीखुरी खाणावळवजा धर्मशाळा येते, तिथे त्याने वेगळाच शब्द घेतलाय. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की इथे घरातली पाहुण्यांची खोली अभिप्रेत असावी. ती भरलेली, म्हणून बाळ गव्हाणीत. तसं असेल तर तो हाकलला गेला नाही. माणसांच्या गर्दीतच, मिळेल त्या जागी जन्मला.

रविवारची घंटा: छान. उपदेशकांचा एक हुकमी मुद्दा गेला, पण येशूच्या ‘इम्मानुएल’ या नावाच्या ‘आम्हांबरोबर देव’ या अर्थाला हेच जास्त जवळचं आहे.

पानगळ: आणि आज? आता तर सगळा खरेदीचा सण झालाय.

उलटतपासणी: ही तक्रारही जुनीच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटनांनी, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंटांनी, १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता. तारीख बायबलात नाही आणि सणाच्या नावाखाली धिंगाणा चालतो, असं त्यांचं म्हणणं. १६८१ मध्ये तो कायदा रद्द झाला.

रविवारची घंटा: दंड नको, पण आधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ पाळला तर बराच फरक पडतो. त्यात पहिल्या येण्याची आठवण असते, तशी पुन्हा येण्याची वाटही पाहायची असते. दिवे-भेटींना माझी हरकत नाही. मात्र जन्माची बातमी आधी रानात रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळांना मिळाली आणि ते बाळ लवकरच आईबापांबरोबर मिसरला (इजिप्तला) पळालं, हे वाचून ज्याला आजचे निर्वासित आठवत नाहीत, त्याने कथा अर्धीच वाचली. २०२३ मध्ये बेथलेहेमच्या ल्यूथरन चर्चने गाझातल्या युद्धाकडे पाहत बाळ येशूची मूर्ती दगडविटांच्या ढिगाऱ्यात ठेवली. मला तो देखावा कुठल्याही प्रवचनापेक्षा स्पष्ट वाटला.

शाईवाला: तर ‘जयंती’ काढतो. शीर्षकात ‘ख्रिस्तजन्म’, मजकुरात ‘नाताळ’, आणि धर्मशास्त्राचा मुद्दा येईल तिथे ‘देहधारण’. चालेल?

मूळधातू: चालेल. ‘एक्समस’ दिसला तर ख्रिस्ताला वगळलं म्हणून ओरडू नका. तो एक्स म्हणजे ख्रिस्तच्या ग्रीक नावाचं पहिलं अक्षर ‘खी’ आहे.

पानगळ: शेवटची शंका. ‘मेरी ख्रिसमस’ मधली मेरी म्हणजे मरियाच ना?

मूळधातू: नाही हो! ते ‘आनंदी’ या अर्थाचं इंग्रजी विशेषण आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, एवढंच.

शाईवाला: मजकुरात एका ठिकाणी ‘मेरीचा ख्रिसमस’ आहे. आलोच.