खडबडीत, हाताने लिहिल्यासारखा इटॅलिक फाँट सगळीकडे वापरता येतो का?

शाईचा_डाग:
एका नाटकाचं पोस्टर करतोय, नाव इंग्रजीत आहे. त्याला एक इटॅलिक, म्हणजे तिरक्या अक्षरांचा, डिस्प्ले फाँट घेतलाय, कोरड्या ब्रशने झरझर लिहिल्यासारखा, कडा फाटलेल्या, मधेमधे शाई न लागल्यासारखे पांढरे ठिपके. नाव मोठं टाकलं की जबरदस्त दिसतं. पण दिग्दर्शक म्हणतोय की कलाकारांची नावं, तारीख, वेळ सगळं त्यातच घे म्हणजे एकसारखं दिसेल, आणि वर नावाचे व्हिनाइल स्टिकरपण हवेत. बारीक अक्षरात मला तर नुसता चिखल दिसतोय. माझं सेटिंग चुकतंय की फाँटच तसा आहे?

कर्निंगवेडा:
फाँटच तसा आहे, सेटिंगला दोष देऊ नकोस. ते ठिपके मोठ्या साइजसाठी काढलेले असतात, 9-10 पॉइंटला आणलेस की छापताना शाई पसरून बुजतात आणि जे उरतं ते खराब प्रिंटिंग वाटतं. नाव त्यात ठेव, बाकी सगळं साध्या सरळ सॅन्समध्ये, म्हणजे टोकांना शेपट्या नसलेल्या फाँटमध्ये. आणि अजून एक बघ, नावात एखादं अक्षर दोनदा आलंय का? दोन्ही ओ वर अगदी त्याच जागी तोच ओरखडा असला की हाताने लिहिल्याचं सोंग तिथेच उघडं पडतं. चांगल्या फाँटमध्ये एकेका अक्षराची दोन-तीन रूपं दिलेली असतात, इलस्ट्रेटरमध्ये ओपनटाइप पॅनेलला कॉन्टेक्स्च्युअल ऑल्टरनेट्स चालू कर नाहीतर ग्लिफ्स पॅनेलमधून हाताने बदल. अख्खं नाव कॅपिटलमध्ये मात्र टाकू नकोस, या असल्या फाँटची सगळी मजा स्मॉल अक्षरांच्या वळणात असते.

तिरकस:
त्या फाँटवर परत इटॅलिकचं आय बटण दाबू नका कोणी!! अक्षरं मुळातच तिरकी आहेत, सॉफ्टवेअर त्यांना अजून वाकवतं. वेबवर पण तेच होतं, फाँट सीएसएसमध्ये (पानाची सजावट ठरवणारा कोड) नॉर्मल म्हणून जोडला आणि वर इटॅलिक लावलं की ब्राउझर स्वतःच्या मनाने आणखी कलवतो. तिथेच फाँट-सिंथेसिस नन करून टाका, मग तो कलवत नाही.
बाकी गंमत म्हणजे 1501 मध्ये व्हेनिसला आल्डुस मानुतिउस या प्रकाशकाने, ग्रिफोने कोरलेल्या इटॅलिकमध्ये रोमन कवी व्हर्जिलचं अख्खं पुस्तक छापलं होतं, म्हणजे इटॅलिक तेव्हा सलग वाचायलाच होतं, आणि ते आलं हाताच्या लिखाणावरूनच. पण ती अक्षरं स्वच्छ होती, म्हणून दिग्दर्शकाला हे सांगू नकोस, तो लगेच धरून बसेल.

कटरवाला:
स्टिकरचं मी सांगतो. प्लॉटरची, म्हणजे स्टिकर कापणाऱ्या मशीनची, ब्लेड प्रत्येक नोडवरून (अक्षराच्या कडेवरचा बिंदू) फिरते, आणि अशा फाँटच्या एका अक्षरात शेकडो नोड असू शकतात. कापायला वेळ लागतोच पण खरा वैताग नंतरचा, नको असलेलं व्हिनाइल सोलताना बारीक तुकडे सोबत उचलले जातात. अक्षरांची आउटलाइन करून (म्हणजे टाइपचा आकार करून) आतले ठिपके काढून टाक, मग नोड कमी करायला सिम्प्लिफाय मार, बाहेरची खडबडीत कड थोडी राहू दे. टेक्स्चर जसंच्या तसं हवं असेल तर कापायचा नाद सोड आणि प्रिंटेड स्टिकर कर.

शाईचा_डाग:
ऑल्टरनेट्स चालू केले, दोन टी आता वेगळे दिसतायत, भारी. तारीख-वेळ सॅन्समध्ये टाकून दिग्दर्शकाला दोन्ही प्रिंट खऱ्या साइजमध्ये काढून दाखवणारे, स्क्रीनवर झूम करून तो ऐकणार नाही. लायसन्स डेस्कटॉपचं आहे, ते साइटवर चालतं का?

तिरकस:
बहुतेक वेळा वेबचं वेगळं घ्यावं लागतं, लायसन्स वाच. फक्त नाव दाखवायचं असेल तर एसव्हीजी, म्हणजे वेक्टर चित्र, करून टाक, पण तेही लायसन्समध्ये बसतंय का ते बघूनच.