मदत हवी आहे : बुरशी कोणती, म्युकर की अ‍ॅस्परजिलस? सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन आहे. सीबीसी, शुगर, थुंकीची तपासणी हे रोजचं काम. बुरशीचं काही फारसं हाताखालून गेलेलं नाही, म्हणून विचारतो.

मोठे बाबा, वय ६१, जुनी शुगर. कापूस वेचणीच्या घाईत गोळ्या सुटल्या. आधी एका बाजूचं नाक बंद झालं, मग गाल बधिर. दाढी करताना ब्लेड लागलं, रक्त आलं, तरी त्यांना कळलं नाही. टाळूवरचा काळा डाग मोठ्या आईनं पाहिला आणि आम्ही रातोरात नागपूर गाठलं. तिथं सायनसमधला तुकडा काढला आणि सगळाच्या सगळा फॉर्मलिनमध्ये टाकला, त्यात बुरशी मरते. कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून ओळखायला, काहीच उरलं नाही. डबी माझ्याच हातात दिली होती. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, हे डोक्यातून जात नाही.

रिपोर्ट असा : ‘रुंद तंतू, काही ठिकाणी पडदे दिसतात, म्युकर किंवा अ‍ॅस्परजिलस.’ (पडदे म्हणजे तंतूतल्या आडव्या भिंती.) रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन (अ‍ॅस्परजिलसची खूण शोधणारी टेस्ट) निगेटिव्ह. बुरशीवरचं अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू आहे, पण त्यानं किडनीवर ताण येऊन क्रिएटिनिन ०.९ वरून १.८ वर गेलं. अ‍ॅस्परजिलस ठरलं तर व्होरिकोनॅझोल देता येईल म्हणतात. म्युकरवर ते चालतच नाही, म्हणून अंदाजानं बदलायची भीती वाटते.

सोमवारी पुन्हा सफाईचं ऑपरेशन आहे. या वेळी तुकडा कसा पाठवायला लावू? जुन्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या आधीच्या तुकड्यावर) पीसीआर, म्हणजे डीएनएची टेस्ट, होते का? आणि गॅलॅक्टोमॅनन निगेटिव्ह म्हणजे म्युकरच धरायचं का?

प्रतिसाद (मायक्रोबायोलॉजी, वर्धा जिल्हा)

दादा, शेवटचं आधी. तसं धरू नका. म्युकरमध्ये ही टेस्ट निगेटिव्हच येते हे खरं, पण सायनसच्या अ‍ॅस्परजिलसमध्येही रक्तात ती बरेचदा निगेटिव्ह येते.

सोमवारी दोन डब्या न्या. एक फॉर्मलिनची, दुसरीत निर्जंतुक सलाईन, तुकडा ओला राहील एवढंच. सलाईनची डबी फ्रिजमध्ये ठेवू नका, लगेच लॅबला पोचवा. आणि फॉर्मवर ठळक लिहा : ‘म्युकरचा संशय, तुकडा वाटू नये.’ म्युकरच्या तंतूंना पडदे जवळपास नसतातच. खलात घातलं की तंतू फुटून मरतात आणि कल्चर कोरं येतं. बारीक काप करून प्लेटवर ठेवायचे असतात.

केओएच आणि कॅल्कोफ्लोर (तुकडा थेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या पद्धती) मागा, त्याच दिवशी कळतं. म्युकरचे तंतू फितीसारखे, ६ ते २५ मायक्रॉन रुंद, फांद्या काटकोनाकडे झुकलेल्या. अ‍ॅस्परजिलसचे ३ ते ६ मायक्रॉन, एकसारखे, पडदे स्पष्ट, फांद्या ४५ अंशात. तुमच्या रिपोर्टातले पडदे म्हणजे घड्याही असू शकतात. फितीसारखा तंतू दुमडला की पडद्यासारखाच दिसतो. स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवाच.

ब्लॉकवर पीसीआर होतो, पण फॉर्मलिननं डीएनए तुटतो. पॉझिटिव्ह आला तर उपयोगाचा, निगेटिव्ह आला तर त्यावर विसंबू नका. अ‍ॅम्फोटेरिसिन सध्या लायपोसोमल (किडनीला कमी त्रास देणारं) चालू आहे की साधं, ते आजच विचारा. दोन्ही बुरशींवर चालणारं इसावुकोनॅझोल देता येईल का, तेही डॉक्टरांशी बोला.

धागाकर्ता, गुरुवार

केओएचमध्ये सोमवारी संध्याकाळीच रुंद फिती दिसल्या. आज प्लेट पाहू दिली. राखाडी कापूस झाकणाला टेकला आहे, रायझोपस म्हणाले, म्हणजे म्युकर गटातलीच बुरशी. साधं बंद करून लायपोसोमल सुरू केलं, क्रिएटिनिन १.६. ताई, त्या दोन डब्यांसाठी तुमचे फार उपकार झाले.