मदत हवी आहे : स्कूबाला जाताना जादाचं सामान किती न्यावं?

नमस्कार मंडळी. मी आणि धाकटी बहीण सोलापूरहून हैदराबादमार्गे अंदमानला, स्वराज द्वीपला डायव्हिंगला निघालोय. टाकी, बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळणारं हवेचं जॅकेट), वजनं तिथलीच घेणार. मास्क, फिन्स, रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासासाठी देणारं उपकरण) आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली-वेळ दाखवणारं यंत्र) आमचे.

खरी काळजी मास्कची आहे. बहिणीला उणे चारचा नंबर. तिची नंबरची काच फुटली तर भाड्याचा साधा मास्क काय कामाचा? हवा किती उरली हे गेजवर वाचता आलंच पाहिजे. म्हणून तिच्यासाठी नंबरचा दुसरा मास्क घ्यायचाच, पैसे जास्त गेले तरी चालतील.

बाकी एका डबीत पट्टे, माउथपीस, केबल टाय, ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) आणि सिलिकॉन ग्रीस भरलंय. नव्या पेठेत टॉर्चचे सेल मिळतात, पण माउथपीस कुठून आणणार! टॉर्चच्या जादा लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवाव्या लागतात, तेवढं माहीत आहे.

आता अडलंय ते असं : सेकंड स्टेज (रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग) जादा न्यावी, की बिघडल्यास तिथे भाड्याने घ्यावी? कॉम्प्युटरची बॅटरी घरी बदलली तर पाणी शिरण्याची भीती वाटते. तुम्ही कुणाकडून बदलून घेता? पुण्या-मुंबईकडे भरवशाचं कुणी असेल तर कृपया सांगा.