शब्दचर्चा : ‘धुरकट’, ‘कास्क-स्ट्रेंग्थ’ आणि ‘पहिल्या धारेची’

विचारणा :
लफ्रॉइग या स्कॉटिश व्हिस्कीच्या दहा वर्षे मुरलेल्या कास्क-स्ट्रेंग्थ सिंगल माल्टची (एकाच कारखान्यात, निव्वळ मोड आलेल्या जवापासून केलेल्या व्हिस्कीची) चव मराठीत लिहून काढताना दोन विशेषणांपाशी अडलो आहे. ‘स्मोकी’साठी धुरकट, करपट आणि खरपूस यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल? शिवाय, ५७-५८ टक्के मद्यार्क असलेल्या या व्हिस्कीला ‘पहिल्या धारेची’ म्हटले तर चालेल का?

उत्तर :
‘पहिल्या धारेची’ हा प्रयोग कितीही झणझणीत वाटला तरी येथे तो नेमका उलटा पडतो. हातभट्टीच्या दारूत पहिली धार सर्वांत कडक, म्हणून तिचा मान मोठा. स्कॉटलंडमध्ये मात्र तांब्याच्या भट्टीतल्या दुसऱ्या ऊर्ध्वपातनात सुरुवातीला जी धार येते ती बाजूला काढून पुढच्या खेपेत परत घालतात आणि मधली धार तेवढी पिंपासाठी राखतात. त्यातही ज्यांच्यामुळे धुराचा वास येतो ती फिनॉल वर्गातील द्रव्ये बरीचशी उशिरा उतरत असल्यामुळे धुरकट व्हिस्की करणारे ही मधली धार पुष्कळदा नेहमीपेक्षा उशिरापर्यंत घेतात. तेव्हा आपल्या पेल्यातला धूर पहिल्या धारेचा नसून उतरत्या धारेचा आहे.

‘कास्क-स्ट्रेंग्थ’चा अर्थ एवढाच, की बाटलीत भरताना तिची तीव्रता पाणी घालून उतरवलेली नाही. एरवी पाणी मिसळून ती ४० ते ४६ टक्क्यांवर आणतात. ४० ही कायद्याने ठरवलेली किमान मर्यादा आहे. यावरून ‘बिनपाण्याची’ हा शब्द सुचेल, पण तोही काटेकोर नाही, कारण पिंपात भरण्यापूर्वीच नव्या मद्यात पाणी घालून ते बहुधा ६३.५ टक्क्यांवर आणलेले असते. पुढे स्कॉटलंडच्या दमट, थंड हवेत वर्षाला सुमारे दोन टक्के माल उडून जातो आणि उरलेल्याची तीव्रताही हळूहळू उतरते.

माझी पसंती ‘पिंपातल्या कसाची’ या शब्दांना आहे. जमिनीचा कस म्हणजे तिच्यातले बळ आणि कसाला लावणे म्हणजे पारखणे, हे दोन्ही अर्थ येथे चपखल बसतात. पूर्वी मद्यात भिजवलेल्या बंदुकीच्या दारूला पेट घेता येतो का, यावरून मद्याचा कस पाहत असत अशी आख्यायिका आहे, आणि ‘प्रूफ’ या तीव्रतेच्या जुन्या मापात शंभर ब्रिटिश प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के, आपली बाटली त्याच घरातली. (आपल्याकडे ‘दारू’ पिंपात आणि बंदुकीत दोन्हीकडे असते, ही सोय निराळीच.)

आणखी एक सूचना :
‘निरशी’ का नको? निरशा दुधात पाणी नसते.

त्यावर :
निरसे दूध म्हणजे मुख्यतः न तापवलेले दूध. दोनदा भट्टीतून निघालेल्या द्रवाला ते विशेषण लावणे धाडसाचे होईल.

शंका :
‘धुरकट’ आपण आकाशाला किंवा काचेला लावतो, नाहीतर ओल्या लाकडांवर शिजलेली आमटी धुरकट लागते अशी तक्रार करतो. स्तुतीसाठी हा शब्द चालेल का?

उत्तर :
चालवावा. ‘करपट’ चुकीचा आहे, कारण येथे धान्य जळत नाही. मोड आलेले जव वाळवताना खालच्या भट्टीत पीट (दलदलीत साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे वाळवलेले इंधन) जाळून त्याचा धूर दाण्यांना देतात. ‘खरपूस’मध्ये भाजणे येते, धूर येत नाही. लफ्रॉइग जेथे तयार होते त्या स्कॉटलंडच्या आयला बेटावर (उच्चार खरोखरच असा आहे, उद्गार समजू नये) पीट मुबलक मिळते आणि तेथे या धुराला दोष मानत नाहीत. दोषदर्शक विशेषण आवडीच्या जोरावर गुणवाचक होणे मराठीला नवे नाही, ‘झणझणीत’ पाहा.

मात्र एकटे ‘धुरकट’ अपुरे पडेल. लफ्रॉइगच्या वासात लाकडाच्या धुरापेक्षा दवाखाना अधिक आहे. पीटच्या धुरातील क्रेसॉल जंतुनाशकांतही वापरले जात असल्याने ‘फिनेलसारखा’ हे वर्णन थट्टेचे वाटले तरी रसायनशास्त्राला धरून आहे.

वर्णन लिहिण्यापूर्वी चव दोन टप्प्यांत घ्यावी. पेला नाकाला भिडवू नये. तोंड किंचित उघडे ठेवून दुरूनच वास घ्यावा, नाहीतर मद्यार्काच्या झिणझिण्यांपलीकडे काही कळत नाही. नंतर चमच्याने थेंब थेंब पाणी घालावे. पाणी मिसळताना पेल्यात तेलकट दोरे वळताना दिसतात. ५७ टक्क्यांच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे ८ मिलिलिटर पाणी घातले की तीव्रता ४५ टक्क्यांवर येते. स्वीडनमधील दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतीद्वारे दाखवले, की धुरकट वासाचे ग्वायकॉल हे द्रव्य ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाशी जमते, तर ५९ टक्क्यांच्या वर ते आत ओढले जाते. प्रत्यक्ष पेल्यातही पाण्यानंतर जवाची गोडी आणि बोर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपातून आलेला व्हॅनिला वर येतो, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे ‘पाण्याने मिळमिळीत होते’ हे मत मला पटत नाही.

मूळ विचारणाऱ्याकडून :
आभारी आहे. आता मसुदा असा : ‘पिंपातल्या कसाची, धुरकट, नाकाला आधी फिनेल, पाण्यानंतर जवाची गोडी, शेवट खारट आणि लांबलेला.’

उत्तर :
‘लांबलेला’ऐवजी ‘रेंगाळणारा’ करावे. लांबते ते भाषण.